खिशातलं चुंबक

जुनी गाडी घ्यायची असेल तर तिचं बॉनेट उघडण्याआधी त्यावर हात ठेवून पाहावा. गरम लागलं तर समजावं की मालकाने तुम्ही यायच्या आधीच इंजिन सुरू करून ठेवलं होतं. ज्याला आपलं थंड इंजिन दाखवायची लाज वाटते, त्याच्या घरचा चहाही पिऊ नये. सत्तरच्या दशकात हे मी निम्म्या नागपूरला सांगितलं असेल, आणि निम्म्या नागपूरने ते ऐकलंही.

माझा धंदाच तो होता. अपघात झालेल्या गाड्या विम्यासाठी तपासायच्या, किती मोडलं आणि किती दुरुस्त होईल याचा रिपोर्ट द्यायचा. तेव्हा नवी गाडी नोंदवली तर ती हाती येईपर्यंत पोरं शाळेतून कॉलेजात जायची. त्यामुळे जुन्या गाडीला भारी मान. पाहुणा जुन्या गाडीतून उतरला तरी अख्खी गल्ली दारात यायची. असली चैन करायला निघालेला माणूस रविवारी सकाळी महाल भागातल्या आमच्या घरी येऊन बसायचा आणि म्हणायचा, एकदा येऊन पाहून द्या. मी जायचो. त्याचे पैसे कधी घेतले नाहीत, पण जिभेवरही कधी ताबा ठेवला नाही. मालकाच्या तोंडावर त्याच्या गाडीची अशी काही लाज काढायचो की गिऱ्हाइकालाच अवघडल्यासारखं व्हायचं.

गाडी पाहायची तर उन्हात, संध्याकाळी नाही. संध्याकाळी सगळ्याच गाड्या देखण्या दिसतात. पायाखालची चटई उचलून वास घ्यायचा. दारं एकेक करून लावायची आणि आवाज ऐकायचा. चारही दारांचा आवाज सारखा यायला हवा. मीटर काय म्हणतं ते वाचायचं आणि मग पॅडलचं रबर पाहायचं. मीटर फिरवता येतं, झिजलेलं रबर खोटं बोलत नाही. टायर एकाच बाजूने घासलेलं असेल तर चाकाची नाही, चासीची, गाडीच्या सांगाड्याची, चौकशी करायची. आणि सगळ्यात शेवटी चुंबक. कागदाचा कपटा मध्ये ठेवून ते पत्र्यावर फिरवत न्यायचं. पत्रा असेल तिथे ते घट्ट धरतं. जिथे सुटतं तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. लांबी म्हणजे डेंटर लोक खड्ड्यात भरतात तो लगदा. त्यावर रंग मारला की तुमच्या बापालाही कळत नाही.

हे सगळं मला काकाजींनी शिकवलं. काकाजी नात्यातले कोणी नव्हते. ते या धंद्यातले जुने माणूस. मी बी.एस्सी. होऊन नोकरीसाठी चपला झिजवत होतो तेव्हा त्यांनी मला हाताशी धरलं. माझी पहिली मोडकी गाडी मी पाहायला गेलो तो त्यांच्याच गाडीत बसून. छोटी, गोल नाकाची, चार दारांची, दुधी रंगाची. कंपनीचं नाव सांगत नाही, पुढे जे झालं त्यात त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. माझ्याकडचं चुंबकही त्यांनीच दिलेलं. एका बंद पडलेल्या स्पीकरमधून काढलेलं, डबीच्या झाकणाएवढं. माझ्या लग्नात वडिलांच्या शेजारी ते उभे होते. वडील गेल्यावर दर दसऱ्याला मी पहिलं सोनं त्यांना द्यायला जायचो.

माझी बायको सावनेरला शाळेत गणित शिकवायची. रोज सकाळी एसटीने जायची, दुपारी परत. नऊ वर्षं तिने ते केलं. नोकरी तिची स्वतःची होती, लग्नाआधीची, आणि ती मिळवताना तिने घरच्यांशी जे भांडण केलं होतं ते तिच्या माहेरी अजून कोणी विसरलेलं नव्हतं. मग एका पावसाळ्यात ती एसटीच्या पायरीवरून पाठीवर पडली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता एसटीचे धक्के बंद. एक तर गाडीने जा, नाही तर नोकरी सोडा. घरी आल्यावर ती म्हणाली, ‘मी शाळा सोडणार नाही. तुम्ही दुनियेले गाड्या पाहून देता, आता आपल्यासाठी एक पाहा.’

मी पाहायला लागलो. चार गाड्या पाहिल्या, चारींची लाज काढली. ते काकाजींच्या कानावर गेलं. त्यांनी निरोप धाडला की दुसऱ्याची कशाला घेतोस, माझीच घे, मी आता मुलाकडे रायपूरला जाऊन राहणार. मला इतका आनंद झाला की मी बायकोला सांगायला गल्लीतून जवळजवळ पळतच आलो. ती गाडी मला ठाऊक होती. तिचं दार कसं लागतं, हॉर्न कसा किंचित चिरकतो, सगळं. मध्ये दोनेक महिने ती रस्त्यावर दिसली नव्हती. काकाजी म्हणाले रंगाला दिली होती, तुला नव्यासारखी करून देतो. दिवस त्यांनीच ठरवला, दसऱ्याचा.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. माझी हत्यारं म्हणजे टॉर्च, मोजायची टेप आणि चुंबक. त्यांच्याच रांगेत बायको तिचं लाल शाईचं पेन ठेवायची. तिने सगळ्यांना हळदकुंकू लावलं. पूजेतलं हत्यार त्या दिवशी कामाला लावायचं नाही, हा नियम माझ्या वडिलांनी पाळला आणि काकाजीही कडक पाळत. तरी निघताना मी चुंबक खिशात टाकलं. सवय, दुसरं काय.

लकडगंजला काकाजींच्या दारात गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून उभी होती. मी सोनं दिलं, पाया पडलो. मग गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या दाराशी माझा हात खिशात गेला. बोटांना कुंकू लागलं. मी वर पाहिलं तर काकाजी पायरीवरून माझ्याचकडे पाहत होते. हसतही नव्हते, रागावलेलेही नव्हते. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्या आत्ताच पाया पडलो त्याची गाडी, त्याच्याच चुंबकाने, सणाच्या दिवशी मी तपासणार? मी हात बाहेर काढला आणि रुमालाला पुसला. बॉनेटवरही हात ठेवला नाही. चटई उचलली नाही. त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली, त्यावर पेढा ठेवला.

त्या दिवशी दीक्षाभूमीला गावोगावहून आलेल्या माणसांनी शहर भरून गेलेलं असतं. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या गर्दीतून मी हळूहळू गाडी काढत महालपर्यंत आलो. गल्लीत गाडी शिरत नव्हती, म्हणून बायको आरतीचं ताट घेऊन कोपऱ्यावर आली होती. ओवाळण्याआधी तिने विचारलं, ‘नीट पाह्यली नं तुम्ही? चुंबक लावून?’

‘लावलं,’ मी म्हणालो.

एवढ्याशा गोष्टीला खोटं का बोललो, असं कोणी विचारेल. तिच्यापुढे काकाजींची शोभा नको म्हणून बोललो. आणि खरं सांगायचं तर माझी स्वतःचीही नको म्हणून. तिने चाकांवर पाणी घातलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

पाच महिने सुखाचे गेले. सकाळी मी तिला सावनेरला सोडायचो आणि त्या बाजूची कामं उरकायचो, दुपारी घेऊन यायचो. ती वाटेत वह्या तपासायची. तिची पाठ सुधारत होती. गाडी वळणावर जरा विचित्र आवाज करायची, दारूच्या बाटलीचं बूच ओढल्यासारखा. मी म्हणायचो जुनी आहे, करणारच. दुसऱ्या कोणाच्या गाडीने तो आवाज केला असता तर मी त्याला रस्त्यातच उतरवून दोन तास सुनावलं असतं.

मार्चमध्ये एका सकाळी पाटणसावंगीच्या पुढे कोळशाच्या ट्रकला वाट द्यायला मी गाडी डांबरावरून खाली उतरवली. चाक खड्ड्यात गेलं आणि सीटखाली काहीतरी फाटलं. गाडीचा मागचा भाग बसला. बायकोने पायांकडे पाहिलं आणि पाय वर घेतले. चटई खाली गेली होती आणि तिच्या दोन पावलांच्या मधून खालची माती दिसत होती, पळती. मी गाडी थांबवली तेव्हा दारं उघडेनात. त्या ट्रकच्याच ड्रायव्हरने पहारीने दार काढलं आणि तिला उचलून चहाच्या टपरीतल्या बाजेवर झोपवलं. बाहेरून कुठे खरचटलंही नव्हतं. पण पाठ गेली होती. कूस बदलता येईना.

तिला दवाखान्यात ठेवलं आणि दोन दिवसांनी मी ओळखीच्या गॅरेजात ओढून आणलेल्या गाडीखाली जाऊन आडवा झालो. चुंबक काढलं आणि पुढच्या सीटखालच्या पट्टीला लावलं. ते सुटून माझ्या छातीवर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. मी स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर बोटभर जाडीची लांबी निघाली आणि तिच्या आत, या दारापासून त्या दारापर्यंत, वेल्डिंगची एक सरळ रेघ. गाडी एक नव्हती. पुढची अर्धी काकाजींची होती, इंजिन, नंबर, कागद सगळं खरं. मागची अर्धी दुसऱ्याच कुठल्या गाडीची कापून आणून जोडलेली.

ती दुसरी गाडी कोणती, तेही मला कळलं. मागच्या डाव्या दाराच्या आत, काचेच्या कडेला, मेंदी रंगाच्या तीन टिकल्या एका ओळीत चिकटवलेल्या होत्या. प्रवासात कोणा बाईने काढून लावल्या असाव्यात. त्या टिकल्या मी आधी पाहिल्या होत्या. वर्षभरापूर्वी अमरावती रोडवर तोंड चेपलेली याच कंपनीची एक गाडी मी तपासली होती आणि ‘दुरुस्त होण्यासारखी नाही’ असा रिपोर्ट दिला होता. ते भंगार विकत घ्यायला गिऱ्हाईक आणलं होतं काकाजींनी. पाच महिने मी ते दार उघडत होतो आणि टिकल्यांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी तसाच, अंगाला ग्रीस लागलेला, त्यांच्या घरी गेलो. ते रायपूरला गेले नव्हते. जाणारही नव्हते. ओसरीत संत्रं सोलत बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मला वाटलं ते नाकारतील, डेंटरवर ढकलतील, निदान चकित झाल्यासारखं तरी दाखवतील. त्यांनी एवढंच सांगितलं की मागून ट्रकने ठोकली होती, नवा पत्रा मिळत नव्हता, काय करणार. बायकोचं विचारलं, कशी आहे म्हणून. मग मी विचारलं, ‘मले सांगितलं काहून नाही, काकाजी?’

‘चुंबक तं तुह्या खिशातच होतं नं गा,’ ते म्हणाले. ‘तुहा हात गेला, तोही मी पाह्यला. मंग काढलं काहून नाही?’

‘तुमची गाडी होती म्हणून.’

‘माही होती म्हणूनच तं तुले देली. दुसऱ्यानं पाहूनच घेतली असती.’

आवाज नेहमीचाच, कामातली एखादी खुबी समजावून सांगतानाचा. दसराच का धरला, तेही तिथे उभ्याउभ्या माझ्या डोक्यात शिरलं. या माणसाने मला बारा वर्षं शिकवलं, म्हणजे मी कुठे हात लावतो आणि कुठे लावत नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? माझी भीड हा त्याला गाडीतल्या गंजासारखाच पाहून ठेवलेला दोष होता. मी शिव्या दिल्या. आयुष्यात वडीलधाऱ्या माणसाला कधी दिल्या नव्हत्या त्या दिल्या. घरातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली तरी थांबलो नाही. ते संत्र्याची फोड हातात धरून माझं संपायची वाट पाहत राहिले. पुन्हा त्या घराची पायरी चढलो नाही. ते गेले तेव्हाही नाही.

दवाखान्यात बायको पालथी झोपलेली होती. मी स्टूल ओढून बसलो आणि तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. रेघ, टिकल्या, काकाजी काय म्हणाले ते शब्दन् शब्द. माझा आवाज इतका चढला की नर्स येऊन गेली. ज्या माणसाला बाप मानलं त्याने अर्धी गाडी गळ्यात मारली, सणाच्या दिवशी, हातावर पेढा ठेवून, हे मी तीन-तीनदा म्हणालो. बोलताना सगळंच बोलून गेलो. हात खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला, तेही.

उशीवरून मान न उचलता ती म्हणाली, ‘त्यायनं तुमाले फसवलं. मंग मले कोनं फसवलं?’

मला वाटलं होतं ती माझ्या बरोबरीने चिडेल. मी स्टुलावर बसून राहिलो आणि मला एकदम माझ्याच अंगाला येणारा ग्रीसचा वास सहन होईना. माफी मागायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, पाणी द्या. मी दिलं.

उन्हाळा तिने लाकडी फळीवर झोपून काढला. शाळेने जूनपर्यंत वाट पाहिली, मग तिने राजीनामा लिहून माझ्याकडे दिला आणि मीच तो सावनेरला जाऊन पोचवला, एसटीने. घरी ती माझ्याशी नेहमीसारखी वागत होती. त्या गोष्टीवर पुन्हा एक शब्द बोलली नाही. लोक रविवारी येत राहिले, मी त्यांच्याबरोबर जात राहिलो. फक्त आता पहिला प्रश्न विचारायचो की गाडी कोणाची. घरच्याच माणसाची आहे, असं कोणी म्हणालं की मी दुप्पट वेळ लावायचो आणि वाईट बोलायचो.

त्या वर्षीच्या दसऱ्याला तिने पाट मांडला. टॉर्च ठेवला, टेप ठेवली. चुंबक पदराने पुसून, हळदकुंकू लावून मधोमध ठेवलं. त्याच्या शेजारी तिचं लाल पेन नव्हतं.