मामांच्या कानातला गळ

गळ फेकण्याआधी मागं वळून बघायचं, हा मासेमारीतला पहिला धडा. मागं माणूस आहे का, झाड आहे का, विजेची तार आहे का, हे बघायचं आणि मगच छडी खांद्यावरून मागं न्यायची. मोबाईलवरच्या व्हिडिओंत मी हे इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. ज्यांना हे जमत नाही त्यांच्या व्हिडिओखाली मी स्वतः अक्कल पाजळलेली आहे. आणि तरीही गेल्या आखाडात माझा गळ गेला तो थेट माझ्या सासऱ्यांच्या कानात. ऐकणारे हसतात. मला अजूनही हसू येत नाही.

माझं आणि बायकोचं लग्न तिच्या घरच्यांना न विचारता झालं. मी भोकरदनचा, माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. ती वडीगोद्रीच्या पलीकडची, गोदावरीकाठच्या एका गावची. जात एकच होती, पण मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिच्यासाठी दुसरीकडे शब्द देऊन ठेवला होता. तो मोडला आणि चार लोकांत त्यांची मान खाली गेली. पुढं माहेरचं दार तिच्यासाठी उघडलं, शेवटी लेकच ती. मीही तिच्यासोबत जाऊ लागलो. पण मामा मला कुठल्याच नावानं हाक मारीत नसत. जावई नाही, पाव्हणे नाही, काहीच नाही. मी समोर बसलेलो असलो तरी लेकीला सांगायचे, "त्यांला म्हणावं, च्या घ्या." मग ती माझ्याकडे वळून म्हणायची, "चहा घ्या म्हणतात बाबा." दोन देशांच्या पुढाऱ्यांसारखा आमचा सगळा कारभार दुभाष्यामार्फत चालायचा.

मला त्याचा राग यायचा. मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. परतीच्या वाटेवर मी गाडीवर बडबडत सुटायचो आणि ती मागं बसून ऐकून घ्यायची. एकदा मात्र म्हणाली, "बाबा एकदा तुम्हाला जावाईबापू म्हणले ना, तर मी समजीन का माझं लग्न झालं."

शेवटी वाट तिनंच काढली. मामांना आणि मला एकच खोड होती, मासे धरायची. मामांची तऱ्हा जुनी. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, ज्वारीच्या धाटाचा तुकडा तरंगायला, खाली गळ आणि गळाला गांडूळ. सकाळी बसले की धाटाचा तुकडा पाण्याखाली जाईस्तोवर हलायचं नाही. माझा सगळा मामला ऑनलाइन मागवलेला. चक्री, तऱ्हतऱ्हेचे दोरे, प्लास्टिकचे मासे. मित्रांबरोबर एकदा कोकणात जाऊन बोटीनं खोल समुद्रातही गेलो होतो. तिथं सकाळभर ओकत होतो आणि मासा नावाड्यानं काढला, पण तो हातात घेऊन काढलेला माझा फोटो दुकानात लावलेला आहे. बायकोनं तो फोटो माहेरी दाखवला. मामांनी म्हणे बराच वेळ पाहिला. आणि श्रावण लागायच्या आधी निरोप आला: "त्यांला म्हणावं, मासे खायला या. येताना गळ आणा. नदीवर जाऊ."

ती दोन दिवस घरात गुणगुणत होती. मीही तयारीला लागलो, आणि तिथंच माझं चुकलं. नदीला हलकी, आखूड छडी पुरते, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मी उचलली समुद्राची, किनाऱ्यावरून लाटांपलीकडे फेकायची लांबलचक छडी. गोदावरीच्या काठावर तिचं काही काम नव्हतं. मामांना दाखवायची होती, बस. तिच्या दोऱ्याला मी लाल पोटाचा एक प्लास्टिकचा मासा बांधला. त्याच्या पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन तोंडांचे गळ लोंबत होते.

नदीवर मामा आणि मी, दोघंच गेलो. मामा खडकाच्या आडोशाला बसले, गांडूळ लावलं, दोरा सोडला आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "हितं मरळ ऱ्हाती. कडंच्या गवतात." हे कुणाला उद्देशून होतं, ते पाण्याला माहीत. पण तिथं माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "असं का?" थोड्या वेळानं म्हणाले, "पाणी गढूळ हाय. दुपारून निवळंल." मी म्हणालो, "हाव." दुभाष्याशिवाय आमचं बोलणं चाललं होतं आणि मला इतकं बरं वाटत होतं की आता हे बायकोला कधी सांगतो असं झालं होतं.

तेवढ्यावर थांबलो असतो तर! पण मला माशाशी देणंघेणं नव्हतं, मला दाखवायचं होतं. मी पुढं जाऊन एका दगडावर उभा राहिलो. नदीच्या मध्यावर, जिथं मामांच्या काठीचा दोरा सात जन्मात पोचला नसता, तिथं नेम धरला आणि छडी मागं नेली. मामा माझ्या पाठीमागून येत होते. मरळ मधात नसते, कडेला असते, हे सांगायला हात पुढं करून येत होते. मला ते दिसले नाहीत, कारण मी बघितलंच नाही.

काहीतरी जड लागलं. मला वाटलं बाभळीत अडकलं. आणि मासा लागल्यावर गळ पक्का बसावा म्हणून जसा देतात, तसा मी एक सणसणीत हिसका दिला.

"ओढू नका!"

इतक्या दिवसांत मामा माझ्याशी थेट बोलले ते हे पहिलं वाक्य. मी वळलो. ते डाव्या कानावर हात धरून वाकले होते आणि बोटांच्या फटीतून तो लाल पोटाचा मासा लोंबत होता. गळाला उलटा काटा असतो. शिरलेला गळ मागं ओढला तर मांस फाटतं, म्हणून तो पुढं ढकलून काट्याचं टोक बाहेर काढतात, पकडीनं काटा कापतात आणि मग गळ मागं घेतात. हेही मी व्हिडिओत पाहिलं होतं. माझ्या पेटीत पक्कडही होती. पण ती मी कानाजवळ नेली आणि पुन्हा खाली घेतली. मामाच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. दवाखान्यात चला." मी दोरा कापला. त्यांनी गमच्यानं कान बांधला आणि माझ्या गाडीवर मागं बसले. प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघायचा. तो मला बरोबर ऐकू यायचा. त्यांनी एक शिवी घातली असती, तर मला सोपं गेलं असतं.

वडीगोद्रीच्या दवाखान्यात बाकड्यावर त्यांच्या गावचाच एक माणूस बसलेला. गमच्याखालून डोकावणारा मासा बघून तो उठलाच. "दादा, हे काय करून घेतलं?"

मी तोंड उघडलं. पण मामा माझ्या आधी बोलले. "लेकीकडची नवी छडी हाय. म्हणलं फेकून पाहू. जमली न्हाई मला."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी गमच्याची गाठ नीट करू लागलो. आत डॉक्टरांनी गळ पुढं ढकलून काटा कापला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि मामांना चांगलंच फैलावर घेतलं. या वयात नसते उद्योग कशाला करायचे, डोळ्यात गेला असता म्हणजे? मामा लहान पोरासारखे खाली बघून म्हणाले, "हाव. चुकलं." मी भिंतीला टेकून उभा होतो. त्या खोलीत मी जितका लाजलो तितका कधी कुणासमोर लाजलो नाही, आणि तरी मी खरं सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मामा, माझ्यानं मोठी चूक झाली. घरी मी खरं काय ते सांगतो."

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "जल्दी चला. मासे घ्यायचे हाईत." पिशवीत आमचा एकही मासा नव्हता. मग नदीवरच्या भोयांकडून त्यांनी रहू विकत घेतले, पाव्हणचारात कमी पडायला नको म्हणून.

ते खोटं का बोलले, हे मला समजत होतं. मला वाचवायला नव्हे. लेकीनं स्वतः निवडलेल्या नवऱ्यानं बापाच्या कानात गळ घातला, हे भावकीला कळलं असतं तर पुढची सगळी वर्षं तिला ते ऐकावं लागलं असतं.

संध्याकाळी पंगत बसली. मामांचे दोघे भाऊ होते, शेजारचे होते. मामांनी घरीही तेच सांगितलं होतं. पट्टी बांधलेला कान बघून सगळ्यांच्या थट्टेला ऊत आला. एक म्हणाला, "ह्या वयात कान टोचून घेतले का?" दुसरा म्हणाला, "जन्मभर माशायला गळाला लावलं आन् आता सोताच लागला." धाकटे भाऊ तर हसता हसता ठसकले. "आजपसून ह्याच्या हाती गळ देऊ नका रे. नजर गेली म्हाताऱ्याची." चुलीपाशी बसलेल्या मामीही बोलल्या, "नसता नाद. किती वेळा सांगितलं, ऐकतच न्हाईत." गावात गळ टाकणारा म्हणून ज्यांचं नाव घ्यायचे, ते मामा ओठांतल्या ओठांत हसत भाकरी मोडत होते. मी हातातला घास ताटात ठेवला.

"ते तसं झालं न्हाई," मी म्हणालो. "खरं म्हणजे छडी माझ्या..."

"जावाईबापू," मामा म्हणाले.

धाकट्या भावानं भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला.

"रस्सा घ्या," मामा म्हणाले, आणि खाली बघून पुन्हा भाकरी कुस्करू लागले.

बायको रश्श्याचं पातेलं घेऊन दारात उभी होती. खरा प्रकार तिला ठाऊक नव्हता. तिनं तेवढा एक शब्द ऐकला होता. तिचे डोळे भरून आले, तिनं ते खांद्याला पुसले आणि लगबगीनं पंगतीत आली. वाढता वाढता माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "ऐकलं ना?"

"ऐकलं," मी म्हणालो, आणि मामांच्या पट्टीकडे न बघता वाटी पुढं केली.