रंग न सोडणारे मणी

मणी घेताना दाताखाली धरून पाहायचा, एवढी एकच परीक्षा मला ठाऊक होती. काच दाताला थंड लागते आणि जरा कचकचते. प्लास्टिक कोमट लागतं. या परीक्षेच्या जोरावर मी बरीच वर्षं माळा ओवल्या, भिशीतल्या बायकांना दिल्या आणि स्वतःला मण्यांतली जाणकार समजत आले. काच वेगळी आणि तिच्यावरचा रंग वेगळा, हे मला चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत कळलं.

त्याआधी भाचीचं लग्न ठरलं होतं. भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आईवडिलांकडे तिने काही मागितलं नाही, माझ्याकडे मात्र एक मागणी केली.

"आत्या, आपल्याकडच्या सगळ्या बायका पांढऱ्या साडीत असणार. प्रत्येकीच्या गळ्यात तुझ्या हातची निळी माळ पाहिजे."

आमच्याकडे बौद्ध पद्धतीने लग्न लागतं, त्यामुळे पांढऱ्या साड्या ठरलेल्याच. जवळच्या बायका मोजल्या तर तेरा निघाल्या. मी हो म्हणून बसले.

वहिनीला, म्हणजे नवरीच्या आईला, हे पसंत नव्हतं. "ताई, मुलाकडची माणसं नोकरीवाली. आपण हातानं ओवलेलं घालून उभं राहायचं का? पुण्याहून सोनेरी पॉलिशचे सेट मागवते की."

भाची हटून बसली. शेवटी असं ठरलं की माळा मी करायच्या, पण लग्नाच्या आठ दिवस आधी तेराच्या तेरा वहिनीच्या हातात पडल्या पाहिजेत. नाहीतर पुण्याचे सेट.

मी बीडच्या बाजारातून निळे मणी आणले, दाताखाली धरून खात्री करून घेतली आणि पहिली माळ ओवून तीच जयंतीला पांढऱ्या साडीवर घातली. एप्रिलचं ऊन, मिरवणूक, तासभर चालणं. चौकात पोहोचेपर्यंत माझा गळा निळा, ब्लाउजचा काठ निळा आणि पदरावर शाईची दौत सांडल्यासारखे ठिपके.

"ताई, झेंड्याचा रंग उतरला का वो गळ्यावर?" शेजारीण म्हणाली. मागच्या चार जणी हसल्या. हसण्यासारखंच होतं.

घरी आल्यावर नवऱ्याने मला दारातच नीट पाहून घेतलं. "मणी अस्सल दिसतात," ते म्हणाले. "नुसता निळा निघतोय."

मला मात्र तेरा बायका दिसत होत्या. मे महिना, भरलेलं मंगल कार्यालय, दोन कूलर, त्यातला एक नक्की बंद. फोटो जन्मभर राहणार. मी आणलेले सगळे मणी एका डब्यात बंद केले आणि नवे शोधायला निघाले.

या वेळी नुसते दात घेऊन निघाले नाही. पर्समध्ये मिठाच्या पाण्याची छोटी बाटली, स्टीलची वाटी आणि पांढरा रुमाल ठेवला. मीठ घामाच्या ऐवजी. दुकानात जायचं, वाटीत पाणी ओतायचं, चार मणी भिजवायचे आणि रुमालावर घासायचे. बीडमधल्या तीन दुकानांत रुमाल निळा झाला. चौथ्या दुकानदाराने मला वाटी काढतानाच अडवलं.

"बाई, मणी घ्यायलेत का लोणचं घालायलेत?"

"तुमचा माल चांगला असेल तर घाबरता कशाला?"

"घाबरत न्हाई वो. मागं गिऱ्हाईक खोळंबलंय. त्यांना वाटतंय मी सरबत वाटायलो."

भाचीने मोबाईलवरून मागवून पाहिले. फोटोत हरभऱ्याएवढे होते, पाकिटातून खसखशीएवढे निघाले. मग कुणीतरी सांगितलं, परळीला जा, तिथे यात्रेकरू येतात, माळांचा धंदा मोठा. सुट्टीच्या दिवशी परळी गाठली. रस्त्याकडेच्या एका गाड्यावर सगळ्या माळा करड्या दिसत होत्या. विजेच्या कारखान्याची राख बसलेली. रुमालाने पुसलं तर राख गेली आणि निळा रंग आला. मी खूश झाले. आणखी पुसलं तर निळाही गेला. गाडेवाला शांतपणे म्हणाला, "तुमी पुसताय कावून पण?"

लग्नाला तीन आठवडे राहिले. वहिनीने पुण्याच्या सेटचे फोटो मला पाठवायला सुरुवात केली. सकाळी एक, संध्याकाळी एक. खाली काही लिहायची नाही.

माझी नोकरी अंगणवाड्या तपासायची आहे, त्यामुळे नेकनूरच्या भागात माझं सतत जाणं होतं. त्या दिवशी काम संपवून एसटीची वाट पाहत होते. ऊन मी म्हणत होतं, म्हणून जवळच्या दुकानाच्या सावलीला जाऊन बसले. दुकान बैलाच्या सामानाचं होतं. कासरे, वेसणी, गोंडे, घुंगरमाळा. आणि खुंटीला निळ्या मण्यांच्या माळा, जनावराला नजर लागू नये म्हणून घालतात त्या. दुकान उघड्यावर, सकाळचं ऊन रोज थेट आत, तरी निळा रंग असा की मी उठून उभी राहिले.

गादीवर पांढऱ्या दाढीचे चाचा बसले होते. "बैल केवढा हाय?" त्यांनी विचारलं.

"बैल नाही, चाचा."

"मग गाय?"

"लग्न आहे."

"हां, गाडीचा बैल. आता गाडीनं वरात कुठं ऱ्हायली, चांगलं हाय. जोडीला दोन देऊ का?"

"बायकांना घालायच्या आहेत."

चाचांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं, मग माळेकडे पाहिलं. "किती बाया?"

"तेरा."

"गळ्याचं माप?" असं म्हणून हसलेसुद्धा नाहीत. मी वाटी आणि बाटली काढली. ते माझं मणी भिजवणं, घासणं पाहत राहिले. रुमाल पांढराच होता. मी पुन्हा घासलं. पांढराच.

"असं नका करू, बाई. हे बघा." त्यांनी एक मणी दगडावर ठेवला आणि तराजूच्या वजनाने फोडला. तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. आतूनही निळा, आरपार. "वरून रंगवला तर उतरणारच. ह्यात रंग काचंतच हाय."

"बैलासाठी इतका चांगला माल ठेवता?"

"ठेवावा लागतो. पांढऱ्या बैलावर रंग उतरला तर मालक बैल घेऊन दुकानात येतो. लई बोलतो. बैल आत घालतो."

यापेक्षा चांगली खात्री मला कुणी दिली नसती. पांढरा बैल उन्हात, पावसात, घामात वर्षभर ही माळ घालतो. आमच्या बायकांना चारच तास घालायची होती. बैलांचे मणी मोठे होते, पण वासरांच्या माळेचे हरभऱ्याएवढे निघाले. तेरा माळांना पुरतील तेवढे घेतले. चाचांनी वर एक लाल गोंडा दिला. "वासराला," म्हणाले. त्यांची सवय.

त्या मण्यांची भोकं जाड दोरीची होती. बारीक दोऱ्यात ते लोंबायला लागले. मग प्रत्येक दोन मण्यांच्या मध्ये एकेक छोटा पांढरा मोती घातला. मोती भोकात अर्धा रुतून बसला आणि माळ ताठ झाली. दिसायला तर सुंदरच.

वाटी आणि रुमालावर माझा आता विश्वास उरला नव्हता. घाम येण्यात माझ्या नवऱ्याचा हात कुणी धरणार नाही, आणि ते रोज पांढरं बनियन घालतात. मी पहिली माळ त्यांच्या गळ्यात, बनियनच्या आतून, दोन दिवस घालायला लावली. ते ती घालून ऑफिसलाही गेले. बनियन स्वच्छ राहिलं.

"गार लागते," ते म्हणाले. "कुठून आणलीस?"

"नेकनूरहून."

"बरं दुकान सापडलं."

वहिनीलाही मी एवढंच सांगितलं, नेकनूरच्या एका जुन्या दुकानातून. मुदतीच्या आदल्या दिवशी तेरा माळा तिच्यासमोर ठेवल्या. तिने एक उचलली, वजन पाहिलं, खिडकीपाशी नेली. "बऱ्या आहेत," म्हणाली. पुण्याचे फोटो थांबले.

लग्नाच्या दिवशी एक कूलर बंद होता. वंदना झाली, लग्न लागलं, बायका घामाने निथळत होत्या, आणि मी जेवणं सोडून प्रत्येकीचा गळा तपासत फिरत होते. एका मावशींच्या साडीवर डाग सापडला तेव्हा मी वाकून तो नखाने खरवडून पाहिला. पिवळा होता, वरणाचा. त्याला मी जबाबदार नव्हते.

फोटोसाठी सगळे स्टेजवर उभे राहिलो. नवरदेवाचे काका, सगळ्या नोकरीवाल्यांत तेवढेच शेती करणारे, वहिनीच्या शेजारी उभे होते. त्यांनी वहिनीच्या गळ्याकडे पाहिलं. जरा वाकून पुन्हा पाहिलं.

"हे मणी नेकनूरच्या चाचाकडचे का वो?"

"हो," वहिनी खुशीत म्हणाली. "खास मागवलेत."

"वळखलेच म्या. आमच्या खोंडाला हीच माळ हाय. तीन पावसाळे झाले, रंग हलला न्हाई."

वहिनी माझ्याकडे वळली. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा. ती काही तिकडे बघेना. नवरी तोंडाला रुमाल लावून हसत होती. मागून माझ्या कानाशी नवऱ्याचा आवाज आला.

"म्हणजे दोन दिवस मी ऑफिसात..."

"हो," मी म्हणाले. "सरळ उभे राहा."

पाठवणी होईपर्यंत वहिनी माझ्यापासून लांबच राहिली. रडण्यासाठीसुद्धा तिने माझा खांदा टाळला आणि मावशींचा घेतला. मंडळी पांगल्यावर मी खोलीत गेले, तर ती साडी बदलून, पांढरी साडी मांडीवर घेऊन खिडकीत बसली होती. काठ बोटांनी उलटापालटा करून पाहत होती. पदर पाहिला. ब्लाउजचा गळा पाहिला. मी दारातच उभी राहिले. तिला काही सापडलं नाही. तिने साडीची घडी केली, माळ त्या घडीवर ठेवली, पुन्हा उचलली.

"त्या माणसाकडं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गाईसाठी लाल मणी असतात का?"

"असतात."

"मग आणा एक माळ. पण गाईसाठीच म्हणून मागा. माझं नाव घ्यायचं नाही."