वहिनीच्या वांग्याची रोपं आणि आमच्या मजल्याचा पॅसेज

शुक्रवार, १६ जानेवारी. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. ही वेळ मी अंदाजाने सांगत नाही, आमच्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये आहे... "दुसऱ्या मजल्यावरचे ट्रे गच्चीवर नेले."

त्या वेळी मी अंबडला होते, पेन्शनच्या एका कागदासाठी. तिथल्याच कोर्टात बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे तारीख-वेळ लिहून ठेवणाऱ्या माणसाची मला कदर आहे. आमच्या सोसायटीत असा माणूस एकच, आणि त्याला आपण गेटवर बसवलंय.

ट्रेमध्ये वांग्याची रोपं होती. केदारखेड्याच्या माझ्या वहिनीचं बी... काटेरी, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा, भाजलं की साल अलगद सुटायची. श्रावणात वहिनी गेली. तिच्या फळीवर राखेत घोळून चिंधीत बांधलेलं चिमूटभर बी सापडलं, ते मी जालन्याला घेऊन आले.

दादा आता नर्सरीतून तयार रोपं आणतो. म्हणजे ते वांगं शेतात उरलेलंच नाही... जे होतं ते त्या चिंधीत. आणि मी ते सगळं एकदम पेरलं. थोडं मागे ठेवायला हवं होतं, ही चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही.

थंडीत वांग्याचं बी लवकर हलत नाही, म्हणून ट्रे आधी फ्रिजच्या डोक्यावर ठेवले. तिथे ऊब असते. अंकुर दिसले की मात्र भरपूर उजेड लागतो, नाहीतर रोप उजेड शोधत लांबुडकं होतं आणि मान टाकतं.

माझ्या घरात सकाळचं ऊन येत नाही. पॅसेजच्या खिडकीत येतं. तिथे ट्रे ठेवण्यासाठी मी बी पेरायच्या आधीच सेक्रेटरींना रीतसर अर्ज दिला होता. ते माझ्या दारासमोरच राहतात, चार पावलांवर. उत्तर आलं नाही... मी वाट पाहिली आणि ट्रे ठेवले.

रोज ट्रे फिरवायचे, म्हणजे रोपं एका बाजूला वाकत नाहीत. पाणी खालच्या ताटलीत द्यायचं, म्हणजे देठ कुजत नाहीत. आणि रोज रोपांच्या डोक्यावरून हलका हात फिरवायचा. हे मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टरांनी शिकवलं होतं... घरात वारा नसतो, तेव्हा वाऱ्याचं काम आपण करायचं, देठ जाड होतात. सव्वीस रोपं चार पानांवर आली होती.

आता ही रोपं कशासाठी होती ते सांगते. मी विधवा आहे. हळदीकुंकवाला मला कुणी बोलवत नाही, आणि मी वाण द्यायचा प्रश्नच येत नाही. यंदा ठरवलं होतं, कुणाला न विचारता द्यायचं. रथसप्तमीच्या आत बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरी वहिनीच्या वांग्याचं एकेक रोप... वीस घरांत गेलं असतं तर कुठेतरी टिकलं असतं.

साडेचारला परत आले तर खिडकी रिकामी. तिथे रांगोळी, आणि चपलांसाठी सतरंजी. सेक्रेटरींच्या घरी हळदीकुंकू होतं.

वॉचमन रामभाऊ खाली मान घालून म्हणाले, "बाई, मी म्हन्लो बी सेक्रेटरीसायबांना, बाई घरी न्हाईत, येऊ द्या. तर म्हने पाहुणे येऊन राह्यले, जल्दी हलवा. अन् झाडाला ऊनच पाह्यजे ना, म्हने."

ऊन पाहिजे, पण सवयीने. घरात वाढलेल्या रोपाला पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दोन... आठ दिवस लागतात बाहेरच्या जगाची ओळख व्हायला. माझी रोपं साडेपाच तास तापलेल्या स्लॅबवर, वाऱ्यात होती. पानं कागदासारखी पांढरी झाली होती. सगळी आडवी.

खाली आणली, सावलीत ठेवली, ओलं फडकं झाकलं. समोरच्या दारातून हसण्याचे आवाज येत होते. मी दिवा लावला नाही त्या संध्याकाळी.

शनिवारी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. सेक्रेटरींचं उत्तर आलं, "मॅडम, वांग्याची रोपं नर्सरीत ट्रेच्या ट्रे मिळतात." खाली सहा जणांचे अंगठे.

दुपारी त्यांची मिसेस तिळगूळ घेऊन आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "मावशी, काल तुम्हाला मुद्दामच बोलावलं नाही. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटायला नको."

बत्तीस वर्षांत भल्याभल्या वकिलांना गप्प केलंय मी. तिच्या हातचा तिळगूळ मात्र मी घेतला... तिच्या चेहऱ्यावर खोट नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

आज सव्वीसपैकी तीन रोपं जिवंत आहेत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर आहेत. त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायची अजून हिंमत होत नाही.

सेक्रेटरी महाशय, ही पोस्ट आपणही वाचालच. माझ्या अर्जाचं उत्तर का दिलं नाही, आणि मी घरी नसताना ट्रे कुणाच्या अधिकारात हलवले, हे मला कागदावर, सहीनिशी हवं आहे. रविवार, २५ जानेवारी, रथसप्तमी, संध्याकाळी पाचच्या आत. अंगठा चालणार नाही.

तीनपैकी एक रोप दादाच्या शेतात जाईल, एक माझ्याकडे राहील. तिसरं त्या संध्याकाळी मी आपल्या मिसेसना देणार आहे, वाण म्हणून, आपल्या दारात येऊन. विधवेच्या हातचं वाण त्या घेणार की नाही, तेही त्याच कागदावर कळवावं.