अकोल्यात वठवलेलं सोंग

तमाम वऱ्हाडवासीयांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की माझ्या आयुष्यातलं सर्वांत यशस्वी नाटक अकोल्याच्या एका दवाखान्याच्या खिडकीपुढे झालं. प्रेक्षक एकच, नाव लिहून घेणारी मुलगी. तिने सगळं खरं मानलं.

नायिका माझी थोरली जाऊ. अमरावतीजवळ आमची फुलशेती. शेवंती तोडताना मी नकला करून तिला इतकं हसवायची, की तिची टोपली भरायचीच नाही. तिच्या गर्भाशयाच्या तोंडाशी खराब पेशी निघाल्या होत्या. कॅन्सर नव्हता, पुढे होऊ शकला असता. अमरावतीत तेवढा भाग काढून टाकला. घरात आम्ही सांगितलं, पिशवीचं किरकोळ काम. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, सहा महिन्यांनी एचपीव्हीची तपासणी करा. तो विषाणू अजून असला तर रोग परत येऊ शकतो.

हा विषाणू संबंधातून येतो, एवढं तिने ऐकलं आणि ती गारठलीच. "लोक मले विचारतीन, कोणापासून आणला? आन् ह्यायले काय सांगू वं?" ह्यायले म्हणजे तिच्या नवऱ्याला, माझ्या भासऱ्यांना. दिवसभरात दहा शब्द बोलणारा माणूस. शिवाय अमरावतीच्या दवाखान्यातली नर्स आमच्याच गल्लीतली. म्हणून मी अकोला काढलं.

घरी सांगितलं, भाच्यासाठी मुलगी पाहायला चाललो. एसटीत बसल्या बसल्या मी ती मुलगी रचली: बी.एस्सी., दात जरा पुढे, आणि आईचं तोंड फार चालतं. जाऊ तोंडात पदर कोंबून हसत होती. जुनी फाइल घरीच ठेवली होती, तिच्यावर खरं नाव. खिडकीपाशी मी जावेला नवं नाव दिलं, गाव अचलपूर केलं आणि मोबाइल नंबरचे शेवटचे दोन आकडे बदलले. तपासणी झाली. "काही निघालं तर आम्ही फोन करू," मुलगी म्हणाली.

फोन आला नाही. आम्ही त्याचा आपल्याला हवा तो अर्थ लावला. रिपोर्ट आणायला परत जायचं, तर आणखी एक मुलगी पाहावी लागली असती.

दोन वर्षांनी तिच्या अंगावरून रक्त जायला लागलं. तोवर कॅन्सर पसरला होता. मी एकटीच अकोल्याला गेले, ते खोटं नाव सांगून रिपोर्ट मागितला. विषाणू सापडला होता. दुर्बिणीच्या तपासणीसाठी लवकर बोलवा, असं त्यावर लिहिलेलं. बाजूला पेनाने: फोन लावला, चुकीचा नंबर. असं तीनदा.

गेल्या माघात ती गेली. त्याआधी, तिला किरणं द्यायला सुरुवात झाली त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी भासऱ्यांना सगळं सांगून टाकलं. मुलगी, तिचे दात, नाव, नंबर. गोष्ट सांगताना माझी जीभ अडखळली ती त्याच दिवशी. जाऊ बाकावर मान खाली घालून बसलेली. आता ते तिला विचारणार, कोणापासून, असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळा व्हरांडा वळून बघेल इतक्या मोठ्याने ते तिला म्हणाले, "मले कावून नाही सांगतलं वं? पायी नेलं असतं ना मी तुले अकोल्याले!"