ओवीतला शेवटचा शब्द

त्या वर्षी मी देवापुढे दिवा लावायची, पण हात जोडत नव्हते. घरात कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून वात पेटली की लगेच चुलीकडे वळायची. माझं माहेर खालापूरचं. महडच्या गणपतीच्या देवळाच्या आवारात खेळून मी मोठी झाले, त्यामुळे त्याच्यावर रुसणं मला वडीलधाऱ्या माणसावर रुसल्यासारखंच वाटे. रुसण्याचं कारण माझी धाकटी मुलगी होती, सुमन.

सुमन पाचव्या वर्षातही बोलत नव्हती. हाक मारली तर मान वळवत नसे. पितळी डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत बसे आणि ते थांबलं की पुन्हा फिरवी. तिचा थोरला भाऊ तिच्याशी खेळायला गेला तर ती त्याच्या अंगावरून, जणू तिथे कोणी नाहीच, अशी निघून जायची. एसटीचा हॉर्न वाजला की कान दाबून किंचाळायची. पोशीरमध्ये आमची भातशेती, घर माणसांनी भरलेलं, आणि ज्याचं त्याचं वेगळं निदान. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, म्हणायच्या की पोरीला बाहेरचं काहीतरी लागलंय. त्या तिला भगताकडे घेऊन गेल्या, अंगारा आणला. कुणी म्हणालं, आईनेच लाडावून ठेवलीय. ते बोलणं मला सगळ्यात जास्त लागे.

आणीबाणी उठल्यानंतरचा तो काळ. माझ्या यजमानांनी कोणाकडून तरी चौकशी करून आम्हाला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भले होते. त्यांनी ऑटिझम असं आजाराचं नाव सांगितलं, यावर औषध नाही, पण आईने घरी शिकवलं तर मूल सुधारतं असंही सांगितलं. कसं शिकवायचं तेही समजावलं. मुलीला टेबलासमोर खुर्चीवर बसवायचं, खोलीत दुसरं कोणी नको. चित्रं दाखवून नावं म्हणून घ्यायची. बोलताना तिला डोळ्याला डोळा भिडवायला लावायचं. चमच्याने जेवायला शिकवायचं. मी मन लावून ऐकलं. पण आमच्या घरात टेबल नव्हतं आणि रिकामी खोलीही नव्हती. त्यांनी दिलेल्या चित्रांमध्ये केक होता, आंघोळीचा पांढरा टब होता, बर्फातला माणूस होता. सुमनने यातलं काही पाहिलेलं नव्हतं, मीही नव्हतं. मी माझ्या परीने सगळं करून पाहिलं. ती ओरडायची, मी रडायची, आणि आत्याबाई ओटीवरून म्हणायच्या, "मोठ्यांच्या डोळ्यात डोळे घालायला शिकवतात व्हय गं? आमच्यात असलं शोभत नाय." काही महिन्यांनी ती चित्रं मी माळ्यावर टाकून दिली.

पुढे माहेरी गेले असताना आई म्हणाली, जा, एकदा देवाला तरी भेटून ये. मनात नव्हतं, तरी सुमनला घेऊन मी महडला गेले. चतुर्थी होती हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. रांग लांबलचक, घंटांचा आवाज, माणसांची रेटारेटी. गाभाऱ्याचं दार दिसायला लागलं आणि सुमनने अंग टाकून दिलं. कान दाबून ती फरशीवर डोकं आपटू लागली. मागचे लोक कुजबुजू लागले, कोणी म्हणालं झपाटलेलं मूल देवाच्या दारात टिकत नाही. मी तिला कशीबशी उचलून रांगेबाहेर काढलं आणि तळ्याच्या काठी नेलं. त्या क्षणी मी देवाला मनात जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. देवळाकडे पाठ करून बसले आणि ठरवलं, आता याच्याकडे पुन्हा यायचं नाही.

तेवढ्यात एक बाई आमच्याजवळ येऊन बसल्या. चाळिशीच्या असाव्यात, साधं सुती पातळ नेसलेल्या. सुमन मागेपुढे डुलत होती, त्या तिच्या बाजूला, थोडं अंतर राखून, पायरीवर बोटांनी ठेका धरू लागल्या. सुमनच्या डुलण्याचा जो वेग, तोच ठेक्याचा. मग त्यांनी ठेका हळूहळू संथ केला, आणि त्याच्यामागे सुमनचं डुलणंही संथ होत गेलं. ती शांत झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "वहिनी, तुमची मुलगी वाईट वागत नाहीये. तिला हा आवाज सोसत नाही, एवढंच." आजवर मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांचं नाव मालतीबाई. मुंबईत अशा मुलांच्या एका शाळेत त्या शिकवत आणि आईवडिलांनाही शिकवत. त्या दिवशी त्या पुण्याला निघाल्या होत्या. खोपोलीत त्यांची गाडी बंद पडली, दुरुस्तीला वेळ लागणार होता, म्हणून सोबतच्या मंडळींबरोबर दर्शनाला आल्या. मी त्यांना दवाखान्यातल्या धड्यांची सगळी कहाणी सांगितली. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या की ते धडे चुकीचे नाहीत, पण ते दुसऱ्याच घरासाठी लिहिलेले आहेत, आपल्याला ते तुमच्या घरात बसवावे लागतील. निघताना त्यांनी गाव विचारलं. शहरातली माणसं विचारतात तसं विचारलं असेल, असंच मला वाटलं.

पण त्या आल्या. एका शनिवारी नेरळहून टांगा करून दारात उतरल्या, आणि पुढे वर्ष-दीड वर्ष जमेल तसं येत राहिल्या. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच शिकवलं नाही. ओटीवर बसल्या, सुमन काय करते, कोणाजवळ जाते ते पाहिलं, आणि आमच्याबरोबर जेवल्या. दुसऱ्या खेपेला मी मुलीला आत घेऊन जायला निघाले, तर म्हणाल्या की सगळ्यांना बसू द्या, ही एकट्या आईची मुलगी थोडीच आहे. चमचा काढून टाकला, हाताने भात कालवून घास करायला शिकवलं. चित्रांच्या जागी तांब्या, सूप, भाकरी अशा हाताशी असलेल्या वस्तू आल्या. डोळ्याला डोळा भिडवण्याबद्दल आत्याबाईंनी पुन्हा कुरकुर केली तेव्हा त्या म्हणाल्या, "आजी, डोळे राहू द्या. हाक मारल्यावर ती तुमच्याजवळ आली तर चालेल ना?" आत्याबाईंना ते पटलं.

अंगाऱ्याला त्या विरोध करतील अशी मला धास्ती होती. त्यांनी विरोध केला नाही. आत्याबाईंना एवढंच सांगितलं की अंगारा जरूर लावा, पण तिच्या समोर बसून थांबा, तिने आपणहून कपाळ पुढे केलं की मग लावा. आत्याबाई रोज सकाळी बोटावर अंगारा घेऊन थांबू लागल्या. कित्येक दिवस कपाळ पुढे आलं नाही. आणि मग एका सकाळी आलं. आत्याबाईंनी बोट टेकवलं. त्या दिवसापासून मालतीबाई आमच्या घरच्या झाल्या.

आत्याबाई जात्यावर बसल्या की सुमन त्यांच्या पाठीला टेकून बसे. जात्याची घरघर तिला त्रास देत नसे. मालतीबाईंनी हे हेरलं आणि विचारलं, तुम्ही काय गाता? आत्याबाई लाजल्या. ओवी त्यांची स्वतःची होती:

अंगनात माझ्या बाई, चिमनी टिपं दानं,
सुमन माझी नात, जसं चांदीचं नानं.

मालतीबाईंनी सांगितलं की ओवी रोज अशीच गा, पण 'दानं'च्या अलीकडे थांबा. शब्द तिच्यासाठी सोडा. आत्याबाई थांबू लागल्या. जातं थांबे, घर थांबे. सुमन नुसती त्यांच्या पाठीवर बोट वाजवी. थोडा वेळ वाट पाहून आत्याबाई स्वतःच शब्द म्हणत आणि पुढे जात. असे कितीतरी महिने गेले.

मग कापणीचे दिवस आले. आम्ही सगळे खळ्यावर होतो, भाताची झोडपणी चालू होती. दुपार कलताना मी मागे पाहिलं तर सुमन नव्हती. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला नदी आहे. यजमान आणि गडी तिकडे धावले. मी बांधाबांधावरून तिचं नाव घेत पळत होते आणि मला ठाऊक होतं की या हाकेला ती उत्तर देणार नाही. कधी दिलंच नव्हतं. शेवटी मी बांधावरच बसले. त्या वेळी तोंडून गणपतीचं नाव आलं. काही मागितलं नाही. आता तुझ्यावर, एवढंच म्हणाले.

खळ्यावर आत्याबाई एकट्याच उरल्या होत्या. त्यांना पळता येत नव्हतं. त्यांनी काय करावं, तर मांडी घालून तिथेच बसल्या आणि खड्या आवाजात ओवी सुरू केली. अंगनात माझ्या बाई, चिमनी टिपं... आणि थांबल्या. पुन्हा तीच ओळ, पुन्हा थांबल्या. मी ते लांबून ऐकलं आणि खळ्याकडे पळत सुटले. आणि त्या शांततेत रचून ठेवलेल्या भाताच्या उडवीमागून, पेंढ्यांच्या सावलीतून, एक बारीक आवाज आला.

"दानं."

मी पोचले तेव्हा सुमन पेंढ्यांच्या बेचक्यात अंग दुमडून बसली होती. झोडपणीचा आवाज सोसला नसेल म्हणून आत शिरली असावी. आत्याबाई तिला जवळ घेऊन रडत होत्या. मला म्हणाल्या, "मी काय नाय केलं गं. मी निसती थांबले."

हा चमत्कार होता का, असं मला पुष्कळांनी विचारलं. मला सांगता येत नाही. खोपोलीत गाडी बंद पडली नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी फार करत नाही. ज्या दिवशी मी देवाकडे पाठ केली, त्याच दिवशी त्याने माझ्या शेजारी माणूस आणून बसवलं, एवढं मी पाहिलं आहे.

सुमन पुढेही चारचौघींसारखी झाली नाही. तिच्याजवळ शब्द थोडे आहेत. पण ती हाकेला येते, सुपात तांदूळ पाखडते, तिच्या हातून एक खडा सुटत नाही. आत्याबाई गेल्या तेव्हा ती दिवसभर त्यांच्या जात्यापाशी बसून होती. मालतीबाईंची बदली लांब झाली, पण तोवर त्यांनी आम्हाला पुरेसं दिलं होतं. मी आता दिवा लावते तेव्हा हातही जोडते, आणि मुलगी बदलून दे असं मागत नाही. ती आहे तशी देवाचीच आहे, हे मनाला पटायला मात्र बरीच वर्षं गेली.

एक काळजी तेवढी उरली होती. आपल्यामागे हिचं कोण? ही काळजी मी रोज देवाच्या पायाशी ठेवत होते, आणि उचलून परतही आणत होते. मागच्या उन्हाळ्यात थोरल्याचं लग्न झालं. सून कशेळ्याकडची, वयाने लहान. आम्ही तिच्या घरच्यांना सुमनबद्दल आधीच सगळं सांगितलं होतं, तरी माझ्या मनात धाकधूक होतीच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते. सून माझ्याजवळ येऊन बसली, थोडा वेळ सुमनकडे पाहत राहिली, आणि हळूच म्हणाली, "आई, ताईंना हाक कशी मारायची, मला शिकवाल?"

चुलीतला धूर डोळ्यात गेला असं मी तिला सांगितलं. मग पदराने डोळे पुसले आणि तिला शिकवायला बसले.