ओढ्यातली शेरडं

चक्रीवादळ कसं होतं हे मी तीस वर्षं खडूनं शिकवत आले. दोन्ही तळहात समोरासमोर धरायचे, मधे खडू उभा. एक हात पुढं, दुसरा मागं, की खडू गरकन फिरतो. दक्षिणेकडं पश्चिमेचे वारे, उत्तरेकडं पूर्वेचे. मधे सापडलेली हवा अशीच फिरायला लागते. पृथ्वीच्या फिरण्यानं तिला वळण मिळतं. खाली समुद्र तापलेला हवा, वरचे वारे मंद हवेत, नाहीतर वादळाचं डोकं एकीकडं आणि धड भलतीकडं. आणि जमिनीवर आलं की ओली हवा तुटते, वादळ मरतं. हे शेवटचं वाक्य मी फळ्यावर अधोरेखित करायची. सोलापूरच्या पोरांना समुद्राची भीती कशाला घालायची?

आमच्या शाळेतल्या शिपाई मावशी होटगीच्या पलीकडच्या खेड्यातून येतात. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, शेरडं राखायचे. ओढा कित्येक वर्षं कोरडा, म्हणून त्यांनी शेरडांचा वाडा थेट पात्रातच घातला होता. मऊ वाळू, बाभळीची सावली. निम्म्या गावाचं तसंच. आमच्याकडं ओढ्याला पाणी येईल हे कुणाच्या मनातच येत नाही, लोक त्याला रस्ता समजतात.

एका ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरात वादळाची लक्षणं दिसायला लागली. टीव्हीवर दिवसभर तेच. मधल्या सुट्टीत मावशी माझ्याकडं आल्या. मालक शेरडं वर गावात आणायची म्हणत होते, आणावीत का? झालं! मला विचारलं म्हणजे मी कुठली थांबते? नकाशा काढला, खडू फिरवून दाखवला, किनाऱ्यापासून सोलापूरपर्यंत बोट नेलं आणि म्हटलं, "मावशी, इथं येईस्तोवर त्याचा जीव जातो. फार तर भुरभुर."

त्यांनी माझ्यासमोरच मालकांना फोन लावला, स्पीकरवर. मॅडम म्हणतात काही होत नाही, शेरडं राहू द्या तिथंच, असं सांगितलं. पलीकडून एक थकलेला, भला आवाज आला, "मॅडम म्हनत्यात तर मग ऱ्हाऊ दे की." त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नव्हतं.

मी खोटं शिकवलं नव्हतं. वाऱ्याचा जोर वाटेतच मेला. पण ती फिरकी समुद्रावरून पाणी ओढतच आली आणि आमच्या डोक्यावर येऊन रेंगाळली. पाऊस लागला तो थांबेचना. ओढ्याला पूर आला तसे मावशींचे मालक शेरडांची दावी सोडायला पात्रात उतरले. दोन शेरडं वर आली. ते तिसऱ्या दिवशी सापडले, बाभळीत अडकलेले.

आता हातात खडू धरला की तो आवाज येतो. पोरं म्हणतात, मॅडम, फिरवून दाखवा की. मी आकृती काढून देते आणि पान उलटते. ऑक्टोबरात हवा कोंदली, झाडाचं पान हलेनासं झालं, की भर दुपारी मला कुणी तरी खालच्या आवाजात विचारतंय असं वाटतं, वर आणू का? दचकून बघते तर व्हरांडा मोकळा. मला भीती वाटते, खरंच वाटते.

मावशी महिन्यानं कामावर आल्या. मी वाट बघत होते, आता चार माणसांत माझी अब्रू काढतील. काढायलाच हवी होती! त्यांनी नेहमीसारखा चहा ठेवला. दुसऱ्यांकडून कळलं, सासरी सगळे त्यांनाच बोल लावतात. तो शेरडं आणत होता, हिनंच नको म्हटलं. शेवटी मीच विचारलं, घरी माझं नाव का नाही सांगितलं?

"तुमी वादळाचं सांगितलं, मॅडम. शेरडं राहू द्या असं मीच म्हनले."

मला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं. फोनवरचं ते बोलणं आम्हा तिघांतलं. त्यातला एक गेला, एक बोलत नाही. सासू अजून त्यांच्या हातचं पाणी घेत नाही. होटगीकडची एसटी रोज शाळा सुटताना फाटकासमोर थांबते. मावशी तिच्यात चढतात. मी रिक्षा करून घरी जाते.