सारसाच्या घरट्याचा पत्ता

सत्काराचं नाव काढताच सुखरामभाऊ खुर्चीत आणखी खाली सरकले. गोंदियातल्या एका कॉलेजच्या सभागृहात माझं व्याख्यान नुकतंच संपलं होतं. मी प्राणिशास्त्राची प्राध्यापक, संशोधनाचा विषय सारस. जवळजवळ माणसाएवढा उंच, लाल मानेचा हा पक्षी आमच्या जिल्ह्यात पाणी भरलेल्या धानात घरटं करतो. त्यासाठी आजूबाजूचं धान उपटतो, म्हणून बरेच शेतकरी घरटं मोडून टाकतात.

सुखरामभाऊंनी मोडलं नव्हतं. गोरेगावकडच्या त्यांच्या एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, दोन अंडी होती. निंदणाला आलेल्या बायांनाही ते तिकडे फिरकू देत नव्हते. माझी सगळी निरीक्षणं त्यांच्याच जिवावर चालली होती. पिल्लं निघायला चार-दोन दिवस उरले होते.

शाल-श्रीफळाची टूम माझीच. सुखरामभाऊ मात्र अडून बसले.

"मले कायले, मॅडम? अंडे का मी देल्लो?"

लोक हसले. मी त्यांना हाताला धरून स्टेजवर नेलं आणि माइकवर त्यांचं नाव, गाव, शेत कुठल्या रस्त्याला लागतं, सगळं सांगून टाकलं. टाळ्या भरपूर पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोही आला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

रविवारी गोंदियाहून, कुडव्याहून लोक मोटारसायकलींवर आले. बायकापोरं, कॅमेरे, डबे. सगळी सभ्य माणसं, व्याख्यान ऐकून सारसाच्या प्रेमात पडलेली. लांबून नीट दिसेना म्हणून बांधावरून पुढे गेली. सुखरामभाऊंनी हात जोडले, तर कोणीतरी त्यांना म्हणालं, "मॅडम ने ही तो बताया है."

सारस बिचकला की घरट्यावरून उठतो. माणूस गेला की परततोही. पण दिवसभर माणसं हलेचनात, तर घरटं सोडून देतो. ही जोडी सोमवारीही आली नाही. मंगळवारी मी पोचले तेव्हा अंडी गार पडली होती. एकाला आतून बारीक तडा गेला होता. पिल्लाचं तेवढंच करून झालं होतं.

मी बांधावर बसून रडले. सुखरामभाऊंनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या बांधीत घरटं दिसेना. जोडी आलीच नाही का, असं मी विचारलं.

"आली होती. गवत जमवून राहिली होती. मीच हाकलून देल्लो."

"काऊन, भाऊ?"

"माह्या शेताचा पत्ता आता समद्याईले मालूम आहे."

त्यांच्या शेतात त्यानंतर कधीच घरटं झालं नाही. व्याख्यानं मी अजूनही देते. घरटं कुठे आहे, असं कोणी विचारलंच तर 'जिल्ह्यात' म्हणते आणि पुढचा प्रश्न घेते. आभार मानायचे असतील तर त्या माणसाच्या घरी जाऊन मानते.